टोक-टोक नूडल्सचा माग

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आजचं लिखाण डुकराच्या मांसाबद्दल आहे. शाकाहारी काकू-मावश्यांनी इथूनच मागे फिरावं. पुढच्या वेळी नक्की उकडीच्या मोदकांवर लिहीन. (आई, तुला माहीत आहेच. बाबांना सांगायची गरज नाही.)

तर पदार्थाचं नाव वान्तान मी. सिंगापुरात राहणार्‍याला तो टाळणं कठीण. बारीक, पिवळ्या, किंचित कुरकुरीत म्हणाव्या अशा नूडल्स, त्यावर लालसर कडांच्या चार सिऊच्या चकत्या, थोडी हिरवी भाजी, बाजूला वाटीभर सूप आणि त्यात तरंगणारे दोन-तीन वान्तान. 'चार सिऊ'मधला 'चार' म्हणजे आपला चार नव्हे बरं का! कँटोनीजमध्ये 'चा' म्हणजे काटा आणि 'सिऊ' म्हणजे भाजणं. काट्याला टांगून भाजलेलं ते चार सिऊ. वान्तान ज्या चिनी अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ होतो 'ढग गिळणे'. एवढ्याशा करंजीला असलं नाव द्यायला मन मोठं लागतं.

नूडल्सचं गुपित मात्र आपल्या ओळखीचं आहे. या पिठात खाराचं पाणी घालतात. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो ना, त्याच जातीचं. त्याने पीठ चिवट होतं आणि पिवळा रंग चढतो. उकळत्या पाण्यात काही सेकंद, मग गार पाण्यात बुचकळी, मग पुन्हा क्षणभर गरम पाण्यात. मधल्या बुचकळीला कँटोनीज लोक 'थंड नदी ओलांडणं' म्हणतात. नदी ओलांडायला उशीर झाला की नूडल्सची खीर झालीच समजा.

सगळ्यात चांगली वान्तान मी कुठे मिळते हे शोधायचं मी गेल्या वर्षी ठरवलं. दर रविवारी एक नवा स्टॉल. नियम सोपे: मांस त्या स्टॉलवरच भाजलेलं असावं, कडा करपलेल्या असाव्यात, आणि टोमॅटो केचपचा मारा नसावा (सिंगापुरातले बरेच लोक तो करतात, का ते त्यांनाच ठाऊक). बहुतेक ठिकाणी निराशाच पदरी पडली. मांस सुकं, पातळ कापलेलं, लाल रंग फक्त बाहेरून फासलेला. आणि जिथे बरं होतं तिथेही शेजारच्या टेबलावरचे एखादे आजोबा हमखास म्हणायचे, "हे ठीक आहे, पण रस्त्यावरची चव गेली."

दहा-बारा वेळा हे ऐकल्यावर मला नूडल्सपेक्षा त्या रस्त्याचंच कुतूहल वाटायला लागलं. कारण आजच्या सिंगापुरात रस्त्याकडेची गाडी औषधालाही दिसत नाही. मग ती गेली कुठे?

जुन्या शहरातल्या दुकानांपुढे पाच फुटी ओसरी असते. १८२२ च्या रॅफल्सच्या नगररचनेपासूनची ही पद्धत. ऊन-पावसातून माणसांनी चालावं म्हणून केलेली, पण तिथे चालणारे कमी आणि विकणारे जास्त. १८८८ मध्ये नगरपालिकेने या ओसर्‍या मोकळ्या करायला घेतल्या तेव्हा शहरात दंगल झाली. म्हणजे भांडण किती जुनं आहे बघा. आपल्याकडे फेरीवाल्यांसाठीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये आला आणि तरीही पालिकेची गाडी आली की पळापळ होतेच, तेव्हा हसायचं कारण नाही.

वान्तान मीची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. मालक चुलीपाशी, आणि त्याचा पोर्‍या बांबूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटत आत शिरायचा. टोक, टोक, टोक. म्हणून हिचं दुसरं नाव टोक-टोक मी. लोक ऑर्डर सांगायचे, पोर्‍या त्या लक्षात ठेवून परत यायचा आणि वाट्या पोचवायचा. वरच्या मजल्यावरची मंडळी दोरीने टोपली खाली सोडायची, तिच्यात पैसे. गिरगावातल्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना ही टोपली वेगळी समजावून सांगायला नको.

या लोकांपैकी बहुतेकांकडे परवाना नव्हता. दुसरं काम मिळत नाही म्हणून गाडी, इतकं साधं गणित. फेरीवाल्यांना पकडणार्‍या निरीक्षकांना हॉक्कियन भाषेत 'ते-गू' म्हणत, जमिनीवरचा बैल. 'ते-गू' अशी आरोळी आली की उकळतं पाणी, निखारे, सगळं घेऊन पळायचं. १९५० मध्ये इंग्रज सरकारने या प्रश्नावर चौकशी आयोगही नेमला होता. हात खरा घातला तो स्वतंत्र सिंगापूरने. १९६८-६९ मध्ये नोंदणी झाली, सुमारे १८,००० फेरीवाल्यांची. १९७१ पासून त्यांना छपराखाली हलवायला सुरुवात झाली आणि १९८६ पर्यंत रस्ते रिकामे झाले.

इथे जरा थांबतो, कारण 'सरकारने गरिबांना हुसकावलं' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. या गाड्यांना नळाचं पाणी नव्हतं. एकाच बादलीत दिवसभर वाट्या धुतल्या जायच्या. खरकटं, तेल, निखारे गटारात आणि तिथून नदीत. १९७७ मध्ये ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नदी स्वच्छ करायचं फर्मान काढलं, तेव्हा नदीच्या परिसरातून सुमारे ५,००० फेरीवाले हलवले गेले. त्यांच्याबरोबर डुकरांची ६१० फार्म्सही गेली. पुढे तर सरकारने बेटावरचं वराहपालनच बंद करत आणलं. म्हणजे ज्या शहराला चार सिऊशिवाय जेवण जात नाही, त्याच्याकडे स्वतःचं डुक्कर नाही! असो.

महत्त्वाचं म्हणजे त्यांना नुसतं हटवलं नाही, जागा दिली. नळ, वीज, गटार, संडास, ओट्यासकट. पहिल्या पिढीला भाडं सवलतीचं. चायनाटाउनच्या गल्ल्यांतले विक्रेते १९८३ मध्ये चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये गेले. आज तिथे दोनशेच्या वर खाण्याचे स्टॉल आहेत. गंमत अशी की २००१ मध्ये तिथल्याच स्मिथ स्ट्रीटवर पर्यटकांसाठी मुद्दाम गाड्यांची 'खाऊगल्ली' थाटण्यात आली. रस्ता आधी साफ केला, मग त्याची प्रतिकृती मांडली.

पण चव का गेली? माझं मत सांगतो. गल्लीत गाडी एकट्याची होती, हॉकर सेंटरमध्ये शेजारी शंभर स्टॉल. चार हात लांबीच्या खोपट्यात कोळशाची भट्टी लावायची कुठे? भट्टी गेली की धूर गेला, धूर गेला की करपलेली कड गेली. आणि गिर्‍हाईक म्हणतं, भाव वाढवायचा नाही. हॉटेलात वीस डॉलरच्या पास्त्यावर ब्र न काढणारा माणूस वान्तान मी पाचाची सहाला झाली की फोटो काढून मित्रांना पाठवतो.

शोधाशोधीत शेवटी एक स्टॉल सापडला. नाव लिहीत नाही, रांग आधीच मोठी आहे. चालवणारे अंकल सत्तरीचे (इथेही आपल्यासारखंच कुणालाही अंकल-आंटी म्हणतात, फार बरं वाटतं). त्यांच्या वडिलांची गाडी होती, ते स्वतः लहानपणी बांबू आपटत फिरलेले. पहाटे चारला येऊन मांस भाजतात. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "अंकल, रस्त्यावरची चव खरंच जास्त चांगली होती?"

"भूक जास्त होती, बॉस," ते म्हणाले.

"तुमच्यानंतर स्टॉल कोण बघणार?"

त्यांनी चॉपर पुसला. "मुलगा इंजिनियर आहे. एसीत बसतो. त्यासाठीच तर एवढी वर्षं भाजतोय."

यावर मी काय बोलणार? मी स्वतः एसीत बसतो.

२०१६ मध्ये मिशेलिनने सिंगापुरातल्या दोन हॉकर स्टॉलना तारा दिला. त्यातल्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्या चान हॉन मेंग यांच्या स्टॉलवर चार सिऊही मिळायचं. जगभरातून लोक रांगेत उभे राहिले. २०२१ मध्ये तो तारा गेला. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. इथल्या स्टॉलवाल्यांचं वय साठच्या घरात आहे, आणि पहाटे चारला भट्टी पेटवायला युनेस्को येत नाही. नव्या मुलांसाठी प्रशिक्षणाच्या योजना आहेत, काही जण उत्साहाने उतरतातही. त्यांच्यापैकी एकाची वान्तान मी मी खाल्ली. नूडल्स उत्तम, मांस अजून भित्रं. करपवायला धीर होत नाही त्याला. होईल.

कुणी इकडे येणार असाल तर कळवा, अंकलकडे घेऊन जाईन. सोमवार-मंगळवार बंद असतं. बुधवारी साडेदहाच्या आत पोचलं तर करपलेली टोकं शिल्लक असतात, पण ती तोंडाने मागावी लागतात. आपणहून देत नाहीत.