विंडोज प्रणालीतील अपडेट-फाइलींचा संचय व सफाई : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शासकीय दफ्तरातील कागदांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून कोणता कागद कायम राखावयाचा व कोणता मुदतीनंतर नष्ट करावयाचा हे ठरविले जाते. संगणकाच्या हार्ड डिस्कवरही असेच एक दफ्तर साठत असते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत ते कसे साठत गेले आणि ते रिकामे करण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. विषय तांत्रिक वाटला, तरी मूळ प्रश्न अभिलेखांचाच आहे.

संचयाची कारणे :
१९९८ मधील विंडोज ९८ या आवृत्तीत 'विंडोज अपडेट' व 'डिस्क क्लीनअप' ही दोन्ही साधने एकत्रच आली. त्या काळातील मुख्य अडचण डीएलएल फाइलींची होती. अनेक प्रोग्रॅम एकच सामायिक फाइल वापरीत. नव्या प्रोग्रॅमने ती बदलली की जुना बंद पडे. या गोंधळास 'डीएलएल हेल' असे नाव पडले. त्यावर उपाय म्हणून विंडोज २००० ने महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती वेगळ्या राखल्या, तर २००१ च्या एक्सपीने 'विनएसएक्सएस' हा फोल्डर आणून एकाच घटकाच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदविल्या.

२००७ च्या व्हिस्टापासून हा फोल्डर संपूर्ण प्रणालीचे कोठार झाला. नवे अपडेट आले तरी जुनी आवृत्ती टाकली जात नसे, कारण अपडेट सदोष निघाल्यास मागे फिरता यावे. एक्सपीला १.५ जीबी जागा पुरे. व्हिस्टाला १५ जीबी मोकळी जागा लागू लागली. अर्थात ही सर्व वाढ कोठारामुळे नव्हे. पण फोल्डर हाताने पुसावा तर प्रणालीच कोसळण्याची भीती. सर्व्हिस पॅकनंतरची सफाई टंकित आज्ञांनी होई, त्या सामान्य वापरकर्त्याला ठाऊक नसत. विंडोज ७ साठी 'डिस्क क्लीनअप'मध्ये अपडेट-सफाईचा पर्याय मिळण्यास ऑक्टोबर २०१३ उजाडावे लागले.

या विलंबाची किंमत आमच्या विभागाने मोजली आहे. विभागातील संगणकावर जागा उरली नाही, तेव्हा विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मौखिक इतिहासाच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण पुसले गेले. दुसरी प्रत नव्हती. प्रणालीच्या कालबाह्य फाइली मात्र जागच्या जागी सुरक्षित होत्या!

सफाईचा अधिकार :
फोल्डरचा दिसणारा आकारही फसवा असतो. डिस्कवरील एकाच फाइलीस दोन ठिकाणी नावे असल्याने ती दोनदा मोजली जाते. खरा आकार सांगणारी आज्ञा २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये आली. त्याच आवृत्तीत 'रिसेटबेस'ची सोय झाली. तिने बदलल्या गेलेल्या सर्व जुन्या आवृत्त्या नष्ट होतात व तोपर्यंतची अपडेट पुन्हा काढता येत नाहीत. जागा मिळते ती परतीची वाट मोडून. अपडेटनंतर काही दिवस काम सुरळीत चालल्याची खात्री पटल्यावरच ही आज्ञा द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विंडोज १० (२०१५) मध्ये हा निर्णय हळूहळू प्रणालीकडेच गेला. मोठ्या अपडेटनंतर जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड'मध्ये राहते, तिची ३० दिवसांची मुदत २०१६ मध्ये १० दिवसांवर आली. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये तर रिकामे, दुबार फोल्डर काढण्याच्या प्रयत्नात काही वापरकर्त्यांचे स्वतःचे दस्तऐवजच पुसले गेले व मायक्रोसॉफ्टला वितरण थांबवावे लागले. 'ड' वर्गाच्या गठ्ठ्यासोबत 'अ' वर्गाचा गठ्ठा जाळण्याचाच हा प्रकार. पुढे २०१९ पासून नव्या संगणकांवर अपडेटसाठी सुमारे ७ जीबी जागा आधीच राखून ठेवली जाऊ लागली. हे आरक्षण उठविण्याची आज्ञा २०२० मध्ये उपलब्ध झाली. ती चालविण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो.