खानदेशची पेढी आणि कागदी वचन

जुन्या नोटा जमविणारे छंदिष्ट आम्हांस कधीं कधीं विचारतात कीं, जळगांव-धुळ्याच्या एखाद्या बँकेची स्वतःची नोट कोठें पाहावयास मिळेल? उत्तर सरळ आहे. तशी नोट कधीं निघालीच नाहीं. इंग्लंडांत वेलिंग्टनसारख्या लहान गांवची फॉक्स, फाउलर आणि कंपनी ही पेढी १९२१ पर्यंत स्वतःच्या नोटा काढीत असे. आपल्याकडे मात्र १८४० सालीं निघालेल्या बँक ऑफ बाँबेसारख्या मोठ्या बँकेचाही तो अधिकार १८६१ च्या कायद्यानें सरकारनें काढून घेतला. मग तालुक्याच्या पेढीची कथा काय?

त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेशच्या काळ्या मातीचें भाग्य उघडलें. परंतु सरकारी नोट त्या काळीं सर्व देशांत चालत नसे. चलनाचीं मंडळें पाडलेलीं होतीं. कलकत्त्याची नोट मुंबई मंडळांत स्वीकारण्यास कोणीही बांधलेला नव्हता. टपालानें पाठवावयाची तर नोट मधोमध कापीत, व पहिला तुकडा पोंचल्याची खबर आल्यावर दुसरा रवाना करीत. अशा कागदावर शेतकऱ्याचा विश्वास कसा बसावा? त्यास चांदीचा रुपया हवा, आणि अडत्यास दूरच्या व्यवहारासाठीं हुंडी. पांचाची नोट १९०३ सालीं ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालूं लागली; दहाची व पन्नासाची १९१० सालीं, शंभराची १९११ सालीं. पुढें महायुद्धांत चांदी दुर्मिळ झाली, तेव्हां १९१७ सालीं एक रुपयाची व १९१८ सालीं अडीच रुपयांची नोट निघाली. १९१८ सालींच अजिंठ्याच्या घाटापलीकडे निजामानेंही आपल्या नोटा काढण्याचा कायदा केला.

१९३३ सालीं जळगांवांत पीपल्स को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. अशा बँकेचें बळ छापील नोटेंत नव्हे, सभासदांच्या ठेवींत व खतावणींत असतें. येथेंच आमचा मुद्दा आहे. सरकारकडे परत आलेली जीर्ण नोट नष्ट केली जाते. संग्राहकाच्या हातीं राहते ती कोणीं परत न नेलेली, म्हणजे जिचें वचन कोणीं वसूलच केलें नाहीं अशी नोट. ती आज मोलानें विकली जाते. उलट ज्या हुंडीचा शब्द पाळला गेला, ज्या कीर्द-खतावणींत गांवाची पत नोंदलेली आहे, तीं कागदपत्रें मात्र रद्दीच्या तागडींत जातात.

इतिहासाचार्य राजवाड्यांनीं माळ्यांवरचीं दप्तरें हुडकण्यांत आयुष्य वेंचलें, आणि त्यांच्यामागें १९२७ सालीं धुळ्यांतच राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. त्या खानदेशांत तरी वाचकांनीं माळा रिकामा करण्यापूर्वीं लाल कापडांत बांधलेली मोडी वही एकदां उघडून पाहावी. आपल्या गांवच्या बँकेचा इतिहास नोटेवर नाहीं. तो तेथें आहे.