खानदेशांतील वकीलपत्र आणि वकिलाची हयगय

जुनीं दप्तरें चाळणारे संशोधक निवाडपत्र हातीं येतांच जपून ठेवितात. इंग्रजी अमदानींतील दाव्याचें बाड मात्र रद्दी समजून बाजूस सारितात. हा भेद आम्हांस रास्त वाटत नाहीं. चालू दाव्यांत वकील हयगय करूं लागला म्हणजे पक्षकारानें काय करावें, हा प्रश्न धुळें-जळगांवकडे आजही विचारला जातो, आणि त्याचें मूळ ह्याच बाडांत आहे.

मराठेशाहींत वादी-प्रतिवादी बहुधा जातीनें उभे राहत. राजीनामा व जामीन दिल्यावर दोघांच्या तकरिरी होत, गोतसभा साक्षीपुरावा पाही व निवाडपत्र मिळे. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी. 'वकील' म्हणजे त्या काळीं परदरबारीं राहणारा दूत. आप्त किंवा मुतालिक क्वचित् बाजू मांडी. तथापि सनद घेऊन दुसऱ्याचा वाद चालविणारा वर्ग नव्हता.

इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजी अमलाखालीं आला व कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. पुढें १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनानें मुंबई इलाख्यांतील वकिलांच्या सनदा, मेहनताना व शिक्षा यांचे नियम बांधले. पक्षकार वकीलपत्रावर निशाणी करून गांवीं परतावा, आणि तारखेस कोणी उभें न राहिल्यास वादीचा दावा निघावा किंवा प्रतिवादीवर एकतर्फी हुकूमनामा व्हावा, ही अवस्था तेथून सुरू झाली. एकतर्फी हुकूमनाम्यांनीं कुणब्यांची काय दशा झाली हें पुणें व नगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यानंतर चौकशी कमिशनपुढें आलें. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें गांवमुनसफापुढें, तसेंच १०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांत, वकिलांस मज्जाव केला. मागाहून हा कायदा खानदेशासही लागू झाला. १९०६ त जिल्ह्याचे दोन भाग होऊन पूर्व खानदेशाचें ठाणें जळगांव झालें.

हयगयीचा पुरावा शोधावयाचा तो रोजनाम्यांत. दाव्यांत कोणत्या तारखेस कोण हजर होतें, कोणी मुदत मागितली, काय हुकूम झाला, हें त्यांत ओळीनें असतें. वकीलपत्राची तारीख व रोजनाम्यांतील गैरहजेरी ताडून पाहिल्यास दोष पक्षकाराचा कीं वकिलाचा, ह्याचा बराच उलगडा होतो. आजच्या पक्षकारासही हीच वाट आहे: रोजनाम्याची नक्कल प्रथम घ्यावी. १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतीप्रमाणें वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीनें लेखी रद्द करितां येतें. फीसाठीं वकिलास अशिलाचे कागद अडवून ठेवितां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं ठरविलें. गैरहजेरीमुळें निघालेला दावा पुन्हां नंबरावर घेण्याचा अर्ज निकालापासून ३० दिवसांत करावा लागतो. सबब मुदत आधीं, तक्रार मागून.

तक्रारीचे मार्गही बदलत आले. १९६१ च्या कायद्यानें शिस्तीचा अधिकार बार कौन्सिलकडे दिला. मात्र साधी चूक व गैरवर्तन यांत भेद केला जातो. वकिलाच्या चुकीचें फळ निर्दोष अशिलानें भोगूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं रफीक प्रकरणीं म्हटलें. पण १९९३ त सलिल दत्त प्रकरणीं, अशिलानें स्वतः बेपर्वाई केली असल्यास हें तत्त्व त्याच्या उपयोगी पडत नाहीं, असेंही बजावलें. २०२४ त ग्राहक कायद्याचा दरवाजा वकिलांविरुद्ध बंद झाला.

गोतसभेपुढें जातीनें उभा राहणारा कुणबी वकीलपत्रानें गांवीं परत गेला. आपल्या दाव्यावरची नजर मात्र त्यानें काढावयाची नव्हती, हाच ह्या सर्व निकालांचा मथितार्थ आम्हांस दिसतो. ह्यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे: हुकूमनामा तेवढा ठेवून रोजनामा, वकीलपत्र व मुदतीचे अर्ज टाकून देऊं नयेत. निकाल काय झाला हें हुकूमनामा सांगतो. तो तसा कां झाला, हें ह्या किरकोळ कागदांवांचून कळत नाहीं.