पाण्याचा वाटा माणसागणिक : नायगावच्या पाणी पंचायतीचा इतिहास

सन १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली व उपाशी हातांना काम मिळाले. परंतु पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी फोडावी लागू नये म्हणून काय करावे, याचा विचार करणारे थोडेच होते. पुण्यातील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे हे त्यांपैकी एक होत.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळजमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली. उतारावर बांध, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि तिचे पाणी उपसून वरच्या शेताला, अशी ही साधी रचना होती. तिच्या बळावर पडीक माळ पिकू लागला.

पाणी अडविणे त्या मानाने सोपे. ते न्यायाने वाटणे अवघड. या विचारातून पाणी पंचायत आकाराला आली. तिचे नियम मोजके, पण कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मिळे : माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क होता. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकता येत नसे. उसासारख्या पाणीखाऊ पिकांना बंदी होती. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी स्वतः उभारावा, असा दंडक होता. उरलेल्यासाठी शासनाचे अनुदान व प्रतिष्ठानचे बिनव्याजी साहाय्य असे. वर्गणीमुळे योजना सरकारची न राहता गावाची झाली.

२००२ मध्ये विलासराव निवर्तले. अनेक ठिकाणच्या उपसा योजना कालांतराने बंद पडल्या, हेही नमूद केले पाहिजे. यंत्र दुरुस्त करता येते. नियम पाळण्याची सामूहिक इच्छा मात्र पुनःपुन्हा जागवावी लागते. २००५ मध्ये राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदा केला. त्याने लाभक्षेत्रातील जमीनधारकांना संघटित होण्याचे बळ दिले. परंतु ज्याच्या नावे जमीन नाही, त्याचा पाण्यावरील हक्क तेथे आला नाही.

लोकांच्या कार्याला साहाय्य करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विश्वस्त संस्थेने हा इतिहास लक्षात ठेवावा. दिलेल्या देणगीतून तलाव बांधला जातो. परंतु त्यातील पाणी कोणाच्या ओंजळीत पडणार, हे आधी ठरवावे लागते.