तीन अँपिअरचा फ्यूज आणि तीस मिलिअँपिअरचा प्रश्न (थ्रेड)

१/ ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांत पाण्याची टाकी माळ्यावर असते. दाब कमी पडतो, म्हणून शॉवरला विजेचा पंप जोडतात. तो बिघडला की नवा बसवावा लागतो. या छोट्या कामामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे: विजेपासून नेमके कोणाला वाचवायचे?

२/ १८८२ साली लंडनमध्ये अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे पहिले नियम प्रसिद्ध केले. झटक्याविषयीच्या सूचना त्यांत होत्या. शीर्षकात मात्र उल्लेख होता तो दिव्यांमुळे लागणाऱ्या आगीचा.

३/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नव्या घरांच्या वायरिंगचा विचार करणारी समिती नेमली गेली. कॅरोलिन हॅस्लेट या तिच्या एकमेव स्त्री सदस्य. या विचारातूनच १९४७ चा चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग आला. भारतात मात्र त्याआधीच्या गोल पिनांची ब्रिटिश परंपराच टिकली.

४/ पण फ्यूज मुळात वायरीचा रक्षक. ३ अँपिअर म्हणजे ३००० मिलिअँपिअर. शरीरातून सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह सेकंदाहून अधिक वाहिला, तरी हृदयाची लय कोलमडू शकते. पंपाचे धातूचे आवरण नीट अर्थ केलेले असेल, तर दोष येताच मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज वितळतो. अर्थिंग तुटले असेल, तर फ्यूजला काही कळतही नाही.

५/ ही उणीव भरून काढणाऱ्यांपैकी एक म्हणजे बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल. मानवी शरीर किती प्रवाह सोसते, याचा त्यांनी दीर्घ अभ्यास केला आणि १९६१ मध्ये एक यंत्रणा सिद्ध केली. तत्त्व सोपे: गेलेला आणि परतलेला प्रवाह सारखा नसेल, तर पुरवठा तोडायचा. ब्रिटनमध्ये २००८ च्या नियमांनी स्नानगृहाच्या सर्व सर्किटांना ३० मिलिअँपिअरचे असे संरक्षण आवश्यक ठरवले.

६/ म्हणून पंप बदलताना क्रम पाळावा. पुरवठा बंद करून, तो पुन्हा कोणी सुरू करणार नाही याची तजवीज करावी. टेस्टर आधी चालू तारेवर पडताळून मगच पंपाच्या तारा तपासाव्यात. फ्यूज उत्पादकाने सांगितलेलाच घालावा. अर्थची तार कधीही वगळू नये.

७/ एक ऐतिहासिक सापळाही आहे. एप्रिल २००६ पासून ब्रिटनच्या नव्या वायरिंगला तपकिरी-निळे रंग सक्तीचे झाले. त्यामुळे जुन्या भिंतीत लाल फेज व काळी न्यूट्रल, तर नव्या पंपात तपकिरी फेज व निळी न्यूट्रल अशी गाठ पडते. हिरवी-पिवळी अर्थची. रंगांवर विसंबू नये, मोजूनच खात्री करावी. शंका असल्यास काम इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

८/ हाच प्रश्न आपल्या गीझरलाही लागू आहे. घरच्या मुख्य बोर्डावर ‘टेस्ट’ लिहिलेले बटण आहे का, ते आज पाहा. नसेल, तर तुमच्या घरी वायरीची काळजी घेतली आहे, माणसाची अजून राहिली आहे.