आप्त कोणाला म्हणायचे? वंशवृक्ष सर्वांनी मिळून लावताना

आजचा विषय आम्हाला दिलाय तो असा : ऑनलाइन वंशवृक्ष करायला सुरुवात कशी करावी. संगणकाची बटणं कुठली दाबायची हे तुमची नातवंडं आमच्यापेक्षा बरं सांगतील. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमचा प्रश्न जरा वेगळा. झाडावरचं एखादं नाव खरं आहे, हे आपल्याला कशावरून कळतं? आणि कोणाचं नाव ठेवायचं, कोणाचं गाळायचं, हे ठरवतं कोण?

जवळच्याच गोष्टीपासून सुरू करू. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता म्हणजे नाणेघाट. तिथल्या लेण्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास, सातवाहनांनी आपल्या घरातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने कोरल्या. आज मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा उरल्या; पण वर कोरलेली नावं राहिली. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. त्यात एक महारठीही आहे. तो नागनिकेचा बाप असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे महाराष्ट्राच्या या जुन्या कुटुंबचित्रात सुनेचं माहेरसुद्धा बसलेलं आहे! पुढे नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी करून देते. मुलाची ओळखच ‘गौतमीपुत्र’ आहे.

आता दुसरी बाजू. ठाण्यातून राज्य करणारे उत्तर कोकणचे शिलाहार. त्यांच्या ताम्रपटांत वंशावळ सुरू होते ती थेट जीमूतवाहनापासून. गरुडाला स्वतःचा देह देऊ करणारा, कथेतला तो विद्याधर. राजघराण्याला तेजस्वी मूळपुरुष हवा होता, तो सापडला. आपणही हेच करतो बरं का. चौथ्या पिढीपुढचं काही माहीत नसलं, की एकदम एखादा ऋषी किंवा सरदार येतो.

मग सामान्य माणसांची नावं कोणी राखली? त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांनी वह्यांत. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळव्यांनी. ते गावोगाव फिरून यजमान घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. आणि विसाव्या शतकात कुलवृत्तांत निघाले. एकेका आडनावाच्या मंडळींनी गावोगावच्या कुलबंधूंकडून माहिती मागवून जाडजूड ग्रंथ छापले. तेही सहकार्याचंच काम होतं. फक्त इंटरनेटच्या जागी टपाल होतं. पण त्यांची रचना पाहा. मुलाच्या पुढे फांदी वाढते. मुलीपाशी, फार तर जावयाचं नाव येऊन, फांदी थांबते.

यात बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. तर आपल्या नवी मुंबईतच पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आता मूळ खातेदार हयात नसेल, तर वारस कोण ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठी वंशावळ लागते. म्हणजे इथल्या आगरी-कोळी घरांत वंशावळ हा हौसेचा विषय नाहीच. तो घराचा, भूखंडाचा विषय आहे. कागदावरून बहिणीचं नाव राहिलं, की तिचा हिस्साही राहतो. मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. कायदा बदलला, झाडं काढणारे हात मात्र सवयीनेच चालतात.

आमचा हातही तसाच चालला. काही वर्षांपूर्वी घरच्या स्नेहमेळाव्यासाठी आम्ही मोठ्या उत्साहाने सात पिढ्यांचा तक्ता छापून भिंतीवर लावला. निम्मी माहिती आमच्या थोरल्या आत्याने सांगितलेली, तीही तोंडपाठ. ती काठी टेकत आली, चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “छान केलंयस रे. पण ह्यात मी कुठाय?” ती नव्हती. तिच्या तिन्ही भावांची नावं होती. आम्ही डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ, आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्याच रात्री भाच्याच्या मदतीने आम्ही ऑनलाइन झाड सुरू केलं. पहिलं नाव आत्याचं घातलं.

तर सुरुवात कशी करायची? आधी दोन प्रकार समजून घ्या. एक, आपलं खासगी झाड. त्यात आपण बोलावू तेवढेच लोक. दुसरं, सगळ्या जगाचं मिळून एकच झाड. जेनी, विकीट्री, फॅमिलीसर्च यांवर असं काम चालतं. तिथे एका माणसाचं एकच पान, आणि ते दुसराही दुरुस्त करू शकतो. नवख्याने खासगी झाडापासून सुरुवात करावी असं आमचं मत. स्वतःपासून वर चढा. मूळपुरुषापासून खाली येऊ नका. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे आधी जा, तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. कागद नंतरही मिळतील. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद, जुनी लग्नपत्रिका, भांड्यांवर कोरलेली नावं.

आपल्याकडच्या दोन अडचणी लक्षात ठेवा. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे रामचंद्र गोपाळ आणि गोपाळ रामचंद्र पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून येतात. जन्मसाल नसेल तर गावाचं नाव तरी लिहा, नाहीतर आजोबा आणि नातू एक होऊन बसतील. दुसरी अडचण, लग्नात बाईचं पहिलं नावही बदलायचं. माहेरची द्वारका सासरी लक्ष्मी होते आणि झाडावर एकीच्या दोघी होतात. म्हणून स्त्रीचं माहेरचं नाव मुख्य ठेवा, सासरचं शेजारी लिहा.

जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते उघड करू नका. आईचं माहेरचं आडनाव काही बँका ओळख पटवायला विचारतात, हेही ध्यानात असू द्या. आणि दत्तक, दुसरं लग्न, घटस्फोट अशा गोष्टी संबंधिताला विचारल्याशिवाय चढवू नका.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पणजोबा आपण पाहिलेले नाहीत. तिथे शब्दावरच भिस्त. पण शब्द कोणाचा? आप्ताचा. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. भाष्यकार वात्स्यायन तर सांगतात की ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखीच लागू. नात्याचा त्यात संबंधच नाही!

म्हणून प्रत्येक नावाखाली एक ओळ लिहा : हे कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं. दोन काका दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहा. एक पुसून भांडण मिटत नाही, ते पुढच्या पिढीकडे जातं. माहीत नसेल तिथे जागा रिकामी ठेवा, जीमूतवाहन बसवू नका. आणि झाड पूर्ण झालं असं वाटलं की घरातल्या प्रत्येक बाईला ते एकदा दाखवा आणि विचारा, “ह्यात तू आहेस का?”

आमच्या झाडावर आत्याच्या फांदीला आता तिच्या पणतवंडांपर्यंत पालवी आलीय. आत्या हे पाहायला राहिली नाही. पण तिच्या तीन भावांच्या नावांखाली एक ओळ आहे : माहिती देणारी, थोरली बहीण. त्या झाडावरचं सर्वांत भरवशाचं वाक्य तेच आहे, असं आम्हाला वाटतं.