कूळ कुणाला म्हणावे?

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. गणिताच्या तासाला बेरीज झाली, की फळ्यावर शेवटी ‘कुल’ लिहितो. कुल म्हणजे एकूण. तीच मुले मकतबात चार कुल पाठ करतात; तिथे कुल म्हणजे ‘सांग’. उर्दूत दोन्हींचे अक्षर वेगळे, एक छोट्या काफचा, दुसरा बड्या काफचा. मराठीच्या तासाला तिसरे कूळ येते, ‘ळ’चे. पुस्तकात त्याचा अर्थ घराणे असा दिलेला. आम्ही तो वाचून दाखवला, तेव्हा एक मुलगा उभा राहिला. “सर, कूळ म्हणजे घराणे नाही. आमच्या सातबाऱ्यावर कूळ आहे, आणि त्यावरून भांडण चाललंय.”

मुलगा चुकला नव्हता, पुस्तकही चुकले नव्हते.

कुलदैवत, कुलाचार या शब्दांतले कूळ म्हणजे वंश. पण जुन्या सरकारी हिशेबात कूळ म्हणजे सारा भरणारा एकेक इसम. कुळवार हिशेब म्हणजे माणसागणिक हिशेब. सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे कर्जदार. ‘बडे कूळ सापडले’ असे आपण आजही म्हणतो. जमीनदाराच्या तोंडी कूळ म्हणजे त्याची जमीन खंडाने कसणारा. तिन्ही ठिकाणी कूळ म्हणजे देणारा, घेणारा पलीकडे.

आपल्या जिल्ह्यात या देण्याघेण्यावरून मोठा लढा झाला. अलिबागजवळच्या चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ अशी जवळपास सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आणला, आणि पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. आपण त्याला नुसता कूळकायदा म्हणतो.

या कायद्याने कुळाचा अर्थ फार रुंद केला. करारपत्र असलेला तो कूळ आहेच. पण कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाराही कूळ मानला जातो, मग कागद असो वा नसो. मात्र तिघांना वगळले आहे. पहिला, जमीनमालकाच्या कुटुंबातील माणूस. दुसरा, रोख अथवा धान्याच्या रूपात मजुरी घेणारा गडी. तिसरा, जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा. वाचकहो, गंमत पाहा! भाषेत कूळ म्हणजे घराणे, आणि कायद्यात घराण्यातला माणूस तेवढा कूळ होऊ शकत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कायद्याने कुळाला मालक मानले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२-ग खाली ठरवायची. कायम कुळासाठी ती खंडाच्या सहापट, इतरांसाठी आकाराच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत. पण जे कूळ तारखेला हजर राहिले नाही, किंवा ‘आम्हाला जमीन नको’ म्हणाले, त्याची खरेदी निष्फळ ठरे. मालक नात्याचा, नाहीतर गावचा मोठा. त्याच्या मुलाहिज्याखातर ‘नको’ म्हणणे किती सोपे असेल, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

धर्मसंस्थांच्या जमिनींचा अर्थ आणखी निराळा. नोंदलेली सार्वजनिक पूजास्थानाची संस्था असेल, सारे उत्पन्न त्याच कामी लागत असेल आणि तसा दाखला असेल, तर कलम ८८-ब प्रमाणे तिथल्या कुळाला खरेदीचा हक्क नाही. मशिदीचे असो वा देवळाचे, ते कूळ पिढ्यान्‌पिढ्या कूळच राहते. गोव्यात कूळ आणि मुंडकार हे शब्द जोडीने येतात. तिथे शेत कसणाऱ्याचा कायदा १९६४ चा, भाटकाराच्या जागेत घर असलेल्या मुंडकाराचा १९७५ चा.

आता त्या मुलाच्या घरी जाऊ. वस्तीत जिला सारे बडी अम्मी म्हणतात ती त्याची आजी. तिचे मरहूम शोहर आपल्या चुलतभावाचे शेत कसत. भाऊ मुंबईला, भाताचा अर्धा वाटा दरसाल त्याच्याकडे जाई, पावती कधी झाली नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ मात्र ‘साधे कूळ’ म्हणून नोंद राहिली. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग झाला, कर्जत-खालापुरात फार्महाऊस उठली, जमिनीला भाव आला. आता चुलतभावाची मुले म्हणतात, “चाचा आमच्या घरचेच होते, घरचा माणूस कूळ कसा?” मुलाचे अब्बा म्हणतात, “चूल वेगळी, घर वेगळे, वाटणी दादांच्या हयातीतच झालेली.”

मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मालकी ही कल्पनाच नाही. माणूस मेला, की प्रत्येक वारसाचा हिस्सा तिथेच वेगळा होतो. कूळकायद्याने मात्र बिगरहिंदूंच्या बाबतीत रूढीने मालमत्तेत वा राहण्यात एकत्र असणाऱ्यांनाही एकत्र कुटुंब म्हटले आहे. म्हणून चुलीची साक्ष महत्त्वाची ठरते. कूळ आहे की नाही, हे दिवाणी कोर्ट नव्हे तर तहसीलदार कलम ७०-ब खाली ठरवतो. आम्ही एवढेच सांगितले, की जुने फेरफार काढा. कर्जत पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, मग कुलाब्यात आले, आणि १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. कागद शोधताना हे ध्यानात ठेवा.

कागद पाहता पाहता वारसनोंद हाती आली. तीत बडी अम्मी आणि तिचे दोन मुलगे. आम्ही विचारले, “मुली?” अब्बा गप्प राहिले. बडी अम्मी म्हणाली, “दोन हायत, त्यांची नावं कुनी लिवलीच न्हाईत.”

मुलगा आमच्याबरोबर नाक्यापर्यंत आला. म्हणाला, “सर, म्हणजे आमची कुल बेरीजच चुकली ना?” आम्ही हो म्हणालो. तहसीलदारापुढली तारीख लांब आहे. ही बेरीज दुरुस्त करायला मात्र तारखेची वाट पाहायला नको.